तळं कुणाच्या मालकीचं?

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मरणार्थ एडिसन, न्यू जर्सी येथे दिलेलं व्याख्यान)



बाबासाहेबांच्या स्मरणार्थ व्याख्यान म्हटल्यावर महाडचा विषय निघणार, हे तुम्ही गृहीत धरूनच आला असाल. तेव्हा आडवळणं न घेता मी महाडपासूनच सुरुवात करतो. फक्त सत्याग्रहाबद्दल कमी बोलेन आणि त्यानंतरच्या कोर्टकचेरीबद्दल जास्त. २० मार्च १९२७ ही तारीख आपल्याला पाठ आहे. १७ मार्च १९३७ मात्र कुणी साजरी करत नाही. त्या दिवशी मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याचा अखेरचा निकाल दिला. ओंजळभर पाणी प्यायचा हक्क शाबीत व्हायला दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांत जो युक्तिवाद झाला, तो अजून संपलेला नाही. इथे एडिसनमध्येही तो आपल्या कानांवर पडतो, आणि पुष्कळदा आपल्याच तोंडून.

मुळात सरकारी धोरण सत्याग्रहाच्या आधीच ठरलेलं होतं. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून आपला ठराव केला. कागदोपत्री तळं खुलं झालं. प्रत्यक्षात तीन वर्षं त्या काठावर कुणी अस्पृश्य फिरकला नाही, कारण फिरकल्यावर काय होईल हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि झालंही तसंच. मार्च १९२७ मध्ये लोक रांगेने जाऊन पाणी प्यायले, आणि हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांना गाठून गाठून मारण्यात आलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून तळ्याची शुद्धी झाली. मुसलमानांनी, ख्रिश्चनांनी पाणी घेतलं, गुरांनी तोंड घातलं, तेव्हा हे घडे कुणी काढले नव्हते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा गावातले काही सवर्ण दिवाणी कोर्टात गेले. आज माझा सगळा भर आहे तो या दाव्यावर. त्यांनी कोर्टाला काय सांगितलं? अस्पृश्यांच्या स्पर्शाने पाणी बाटतं, असं सांगून इंग्रजांच्या दिवाणी कोर्टात निभाव लागला नसता. त्यांनी सांगितलं ते वेगळंच. तळं सार्वजनिक नाहीच. ते चौधऱ्यांचं, काठावर राहणाऱ्यांचं, आणि अनादी काळापासून चालत आलेल्या वहिवाटीने ते फक्त स्पृश्यांनीच वापरायचं. थोडक्यात, आम्ही कुणावर अन्याय करत नाही, ही जागा आमची खासगी आहे.

कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. सत्याग्रहासाठी गावोगावहून हजारो माणसं आली होती. गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपल्या जमिनीवर मांडव घालू दिला. माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. त्यांना बाबासाहेबांनी सांगितलं की कोर्टाचा हुकूम आपण मोडायचा नाही. ऐकणाऱ्यांना ते सोपं गेलं नसणार. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली, नंतर तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली आणि माणसं पाण्याला हात न लावता परतली. ज्या माणसाने हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मान्य ग्रंथ जाळला, त्यानेच तालुक्याच्या न्यायाधीशाचा कागद पाळला. मला यात विसंगती दिसत नाही. मनुस्मृतीविरुद्ध अपील करायची सोय नव्हती, मनाईहुकमाविरुद्ध होती. तो हुकूम दोन महिन्यांत उठलाही.

पण दावा चालूच राहिला. १९३१ मध्ये खालच्या कोर्टात वादी हरले, १९३३ मध्ये ठाण्याला अपिलात हरले, आणि १९३७ मध्ये हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यासमोर पुन्हा हरले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा ठोठावणारेच. निकाल वाचताना आजच्या वाचकाची थोडी निराशा होते. त्यात समतेवर प्रवचन नाही. माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल एकही थोर वाक्य नाही. तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना शाबीत करता आलं नाही, म्हणून अपील फेटाळलं. बस. वहिवाट शाबीत झाली असती तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर राज्यघटनेत मिळालं. अनुच्छेद १५ चा दुसरा भाग नीट वाचा. पहिला भाग राज्यसंस्थेला बांधतो. दुसरा भाग दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावं घेतो आणि धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही असं म्हणतो. अडवणारा सरकारी अधिकारी असो की दुकानदार, त्याने फरक पडत नाही. अशी यादी करणाऱ्यांना कायद्याच्या पुस्तकाबरोबर महाडचा काठही माहीत होता.

आता अटलांटिक ओलांडून अलीकडे या. जून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या आणि इथून जवळच, रोझेल गावी, कारपेंटर बाईंच्या घरी राहिल्या. अमेरिकेत पाऊल ठेवणाऱ्या पहिल्यावहिल्या मराठी बाईचं पहिलं घर न्यू जर्सीत होतं, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटायलाही हवा. पण त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला इथल्या सुप्रीम कोर्टाने काय केलं, ते आपल्या स्मरणिकांमध्ये छापलं जात नाही. यादवी युद्धानंतर १८७५ मध्ये काँग्रेसने कायदा केला होता की खाणावळी, नाटकगृहं, आगगाड्या इथे काळ्या माणसाला अडवायचं नाही. कोर्टाने तो रद्द केला. कारण काय दिलं? घटनेची चौदावी दुरुस्ती सरकारला भेदभाव करायला मनाई करते, खासगी माणसाला नाही. खाणावळ मालकाची, ऑपेरा हाऊस मालकाचं, त्याने कुणाला आत घ्यावं हा त्याचा प्रश्न. आठ न्यायाधीश एका बाजूला आणि जॉन मार्शल हार्लन एकटे दुसऱ्या बाजूला. महाडचे वादी ४४ वर्षांनी जे म्हणणार होते, ते अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय आधीच म्हणून बसलं होतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामगिरी मोडून काढणाऱ्या अमेरिकन लोकांना. त्याला जेमतेम दहा वर्षं होतात तोच त्या लोकांनी अर्धी माघार घेतली होती. आणि जोतीरावांनी स्वतः काय केलं होतं? १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद खरोखरच खासगी होता. त्यांच्यावर कोर्टाचा हुकूम नव्हता, कुठला ठरावही नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आपण सगळे घरमालक आहोत.

न्यू जर्सीने १८८४ मध्ये स्वतःचा कायदा करून ती पोकळी थोडीफार भरायचा प्रयत्न केला. पण त्या कायद्यात जोर नव्हता. किती नव्हता, ते पॅलिसेड्स पार्कच्या गोष्टीवरून कळतं. क्लिफसाइड पार्क आणि फोर्ट ली यांच्या हद्दीवर, हडसनच्या कड्यावर, मोठं करमणूक उद्यान होतं. जायंट व्हील, नाचगाणी आणि मुख्य आकर्षण म्हणजे खाऱ्या पाण्याचा भला थोरला पोहण्याचा तलाव. नदीचं पाणी उपसून कड्यावर आणायचे, आत यंत्राने लाटा उठवायचे. उद्यानात काळी माणसं तिकीट काढून येऊ शकत, फक्त तलावात उतरू शकत नसत. १९४६ च्या उन्हाळ्यात मेल्बा व्हॅली नावाच्या तरुण काळ्या नर्तकीला तिथे अडवलं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात दर रविवारी गोरे आणि काळे कार्यकर्ते बरोबरीने रांगेत उभे राहू लागले. पोलिसांनी त्यांना उचललं, काहींना मारहाणही झाली. आणि उद्यानाच्या मालकाचा बचाव काय होता? तलाव हा क्लब आहे, क्लब खासगी आहे, आणि तुम्ही सभासद नाही.

चौधऱ्यांचं तळं आणि सभासदांचा क्लब. दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे एकच सबब. दोन्ही ठिकाणी जागा जगजाहीर सार्वजनिक होती. ज्यांना अडवायचं ती माणसं दाराशी आली, तेवढ्यापुरती ती खासगी झाली.

१९४९ मध्ये फिलाडेल्फियाच्या फेडरल अपील कोर्टाने त्या कार्यकर्त्यांचा दावा चालवायला हवा असा निर्णय दिला. त्यात प्रतिवादी म्हणून फोर्ट लीच्या पोलीसप्रमुखाचं नाव होतं, कारण खासगी मालकाच्या हुकमावरून माणसांना बाहेर काढायला सरकारी गणवेश आला होता. त्याच वर्षी असेंब्ली सदस्य ग्रेस फ्रीमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ट्रेंटनला मंजूर झाला. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा १९४५ चा, राज्यांच्या अशा कायद्यांतला अगदी पहिल्या फळीतला. पण तो तोवर मुख्यतः नोकरीपुरता होता. फ्रीमन कायद्याने त्यात सार्वजनिक जागा आल्या. आज त्या कायद्याची व्याख्या वाचलीत तर लांबलचक यादी दिसेल : हॉटेल, दुकान, बोर्डवॉक, नाट्यगृह, स्केटिंग रिंक, स्विमिंग पूल. आपण आज ज्यात बसलो आहोत तसं सभागृहही आहे. भारताची राज्यघटना स्वीकारली गेली तीही १९४९ मध्येच, २६ नोव्हेंबरला. कुणी कुणाचं बघून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण माणसाला पाण्यावरून हाकललेलं ज्यांनी पाहिलं, त्यांच्या यादीत पाण्याचं नाव येतं.

या राज्याने ती यादी पुढे आणखी ताणली. १९७२ मध्ये होबोकनच्या मारिया पेपे या मुलीला लिटल लीगच्या बेसबॉल संघातून तीन सामन्यांनंतर बाहेर काढलं, का, तर मुलगी म्हणून. लीगचं म्हणणं, आमची कुठे इमारत आहे, आम्ही म्हणजे ‘जागा’च नाही. सुनावणी घेणाऱ्या सिल्व्हिया प्रेसलर यांनी ते मानलं नाही. ज्या मैदानावर खेळ होतो तीच जागा, आणि मुलं सगळ्या गावातून बोलावता ना, मग ती सार्वजनिक, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता. पुढे बॉय स्काउट्सच्या खटल्यात न्यू जर्सीच्या कोर्टाने हेच सूत्र लावलं, तेव्हा मात्र २००० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते उलटवलं. संघटनेला आपला विचार जपण्यासाठी सभासद निवडायचं स्वातंत्र्य आहे, असं म्हणून. म्हणजे खासगी आणि सार्वजनिक यांच्यातली ही रेघ सरकतीच आहे.

आता आपल्याकडे येतो.

आपण इथे आलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. तो कायदा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ आला आणि त्याच लाटेतून आला. त्या हक्कांसाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गुलाम म्हणून आले होते. आपण आलो विमानाने, पदवी घेऊन. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ या टोळीच्या नावाने भारतीयांना धमक्या सुरू झाल्या आणि होबोकनमध्ये नवरोज मोदी मारले गेले, तेव्हा आपल्याला या कायद्यांची पहिल्यांदा गरज पडली. नव्वदच्या दशकात नवरात्रातल्या गरब्याच्या वेळेवरून एडिसन टाउनशिपशी वाद झाला. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, तेव्हाही आपण सार्वजनिक जागेवरचा आपला हक्क मागत होतो. रास्तच होतं ते. मैदान आमचं नाही का, हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटला नाही.

संकोच वाटतो तो मैदान सोडून घरी आल्यावर. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाड्याच्या जाहिराती येतात, त्या साधारण अशा असतात : टू बेडरूम, ओक ट्री रोडपासून चालत, मेट्रोपार्क जवळ, चांगली शाळा, फक्त शाकाहारी फॅमिली. कधी पुढे ‘महाराष्ट्रीयन प्रेफर्ड’. आणि क्वचित, अगदी सहज, जातीचंही नाव. विचारलं तर उत्तर तयार असतं : घर माझं आहे. बेसमेंट असेल तर ते भाड्याने देणं टाउनशिपच्या नियमात बसतं का, ही भानगड आणखी वेगळी.

कायदा या घरमालकाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. स्वतः राहत असलेल्या घरातली खोली भाड्याने द्यायची असेल, किंवा दोन कुटुंबांच्या घरात एका भागात आपण राहून दुसरा द्यायचा असेल, तर न्यू जर्सीचा कायदा निवड करायची मोकळीक देतो. फेडरल गृहनिर्माण कायद्यातही तशी सूट आहे. तो कायदा ११ एप्रिल १९६८ चा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने सही झालेला. पण त्याने एक बारीक कलम ठेवलं. सूट मिळाली तरी जाहिरातीला नाही. वंश, धर्म किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून पसंती दाखवणारी जाहिरात छोट्या घरमालकालाही करता येत नाही. आपल्या माजघरात तुम्ही कुणाला घ्यावं यावर कायदा गप्प बसेल, पण वेशीवर पाटी लावाल तर बसणार नाही. आणि दोनशे माणसांचा ग्रुप ही वेस आहे. शाकाहार हा काही कायद्याने संरक्षित वर्ग नाही, तेव्हा तेवढंच लिहिणारा सुटेलही. पण त्या एका शब्दात कोण कोण गाळलं जातं, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही कळतं.

एक पायरी वर चढा. घराची जाहिरात एक माणूस करतो, झोनिंग सगळं गाव मिळून करतं. प्लॉट एवढा मोठाच हवा, अपार्टमेंट नकोत, असे नियम केले की गरिबाला नाव घेऊन हाकलावं लागत नाही. १९७४ मध्ये नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या अर्बन लीगने मिडलसेक्स काउंटीतल्या २५ पैकी २३ गावांवर याबद्दल दावा लावला. न्यू ब्रन्सविक आणि पर्थ अॅम्बॉय तेवढी वगळली, एडिसन प्रतिवादींत होतं. दुसऱ्या वर्षी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने माउंट लॉरेल खटल्यात निकाल दिला की प्रत्येक वाढत्या गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे. गावं टाळत राहिली, कोर्टाला १९८३ मध्ये पुन्हा दटावावं लागलं. मार्च २०२४ मध्ये राज्याने नवा कायदा करून पुढच्या दहा वर्षांचे वाटे ठरवायची रीत घालून दिली. या विषयावरच्या प्लॅनिंग बोर्डाच्या सभांना मी बसलो आहे. मायक्रोफोनवर ‘ट्रॅफिक वाढेल’, ‘शाळांवर ताण येईल’ म्हणणाऱ्यांत आपली माणसं कमी नसतात. ट्रॅफिकची तक्रार खोटी नाही, ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी घालून बघावी. पण तिथे लक्झरी टाउनहाऊस होणार असतील तर तोच ट्रॅफिक कुणाला आठवत नाही.

आणि मग जात. सिअॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी केली. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तसं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं, कारण वंशपरंपरेवरून भेदभाव आधीच बेकायदा आहे. आपल्या शेजारच्या रटगर्स विद्यापीठात अभ्यासगटाने २०२४ मध्ये जातीचं नाव धोरणात घालायची शिफारस केली. विद्यापीठाने पुढे उत्तर दिलं तेही असंच, सध्याच्या वर्गांत जात येतेच, वेगळं लिहायची गरज नाही. विरोध करणाऱ्यांची एक धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. शाळेत हिंदू मुलाला ‘तुझी जात काय’ विचारून कोपऱ्यात गाठलं जाईल, अशी ती धास्ती आहे. धमक्यांच्या वर्षांतून गेलेल्या समाजाला ती वाटणारच. पण ‘जात ही आमची अंतर्गत बाब, अमेरिकेला त्याच्याशी काय करायचं’ हा मुद्दा मला पटत नाही. कारण जात इथल्या सुप्रीम कोर्टात आपणच नेली होती. १९२३ मध्ये, म्हणजे बोल्यांचा ठराव झाला त्याच साली, भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाचा खटला तिथे चालला. सखाराम गणेश पंडित त्यांचे वकील. उच्च जातीचा हिंदुस्थानी हा आर्य, म्हणून गोरा, म्हणून नागरिकत्वाला पात्र, आणि खालच्यांशी रक्त न मिसळू देण्याबद्दल त्याची ख्याती आहे, असा युक्तिवाद झाला. कोर्टाने तो फेटाळला. मग सरकार पंडितांचंच नागरिकत्व काढून घ्यायला निघालं, पण ती लढाई त्यांनी जिद्दीने लढून जिंकली. माणूस हिकमती होता यात शंका नाही. फायदा व्हायचा असेल तेव्हा जात कोर्टाच्या टेबलावर, आणि जाब द्यायचा असेल तेव्हा ती माजघरात, हे मात्र चालणार नाही.

कायद्यात नाव घालून काय साधतं, असं विचारलं जातं. १८८४ चा कायदा असताना पॅलिसेड्सचा तलाव काळ्यांना कसा बंद राहिला, हे विचारलं तर उत्तर मिळेल. मोघम कायद्यात वकिलाला वाट सापडते.

‘अंतर्गत बाब’ या सबबीचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, धर्मसंस्थेच्या आपल्या कारभारात सरकारने पडू नये म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात गेले. वाळीत टाकलेला माणूस अस्पृश्यच होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे जातपंचायतींच्या जाचाच्या तक्रारी घेऊन अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. २०१७ च्या जुलैपासून तो लागू आहे. पंचायतीचं म्हणणं काय असतं? हा आमच्या समाजाचा घरगुती मामला आहे.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की हा माणूस घराच्या भिंतीच पाडायला निघालाय. तसं नाही, आणि याचा दाखला एडिसनमधलाच आहे. १४ ऑगस्ट २०२२ च्या इंडिया डे परेडमध्ये इथल्या रस्त्यावरून एक बुलडोझर मिरवला गेला. भारतात ज्या यंत्राने खटला न चालवता आरोपींची, बहुतेक मुसलमानांची, घरं पाडली जात होती, ते यंत्र इथे शोभेला. पुढे संयोजकांनी महापौरांना पत्र लिहून माफी मागितली. दोन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२४ ला, भारताच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती भूषण गवई आणि विश्वनाथन यांनी निकाल दिला. पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय घर पाडायचं नाही, आणि नियम मोडून पाडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. गवई अमरावतीचे, आंबेडकरी चळवळीतल्या घरातले. घर खासगी असणं हा सर्वांत गरीब माणसाचाही आधार आहे, हे त्या निकालाने सांगितलं. सत्तेने दार ठोठावलं तर ‘ही जागा माझी आहे’ हे वाक्य ढालीसारखं कामाला येतं. तेच वाक्य आपल्याहून दुबळ्या माणसाला उद्देशून उच्चारलं की ते चौधऱ्यांचं होतं.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सभागृहातल्या तरुण मंडळींशी तिचा थेट संबंध आहे.

न्यू जर्सीत नोकरीत भेदभाव झाला तर राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे १८० दिवसांत तक्रार करता येते. वकील लागत नाही, फी नाही. तक्रारदारावर सूड उगवायला मनाई आहे. उत्तम कायदा आहे. आता समजा, तक्रार करणारा एच-वन-बी व्हिसावर आहे. मालकाने या ना त्या कारणाने त्याला काढलं, तर फेडरल नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवसांत नवा मालक शोधायचा, व्हिसा बदलायचा, नाही तर देश सोडायचा. मुलं एडिसनच्या शाळेत, घराचं लीज डोक्यावर, आणि ग्रीन कार्डची रांग दशकांची, कारण देश केवढाही असो, त्याला वर्षाला सात टक्क्यांची मर्यादा. सूड बेकायदा होता हे शाबीत होईपर्यंत माणूस हिंजवडीला पोचलेला असतो. म्हणून तो तक्रार करत नाही. टीम लीडरने जातीवरून, मुलखावरून, धर्मावरून काय सुनावलं, ते तो बायकोला सांगतो आणि झोपतो. १९२४ ते १९२७ महाडचं तळं ज्या तऱ्हेने ‘खुलं’ होतं, त्याच तऱ्हेने त्याचा हक्क खुला आहे.

आपल्या संस्था ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल वॉशिंग्टनला निवेदनं देतात, खासदारांना भेटतात, फोटो काढतात. त्याच निवेदनात एक मागणी घालावी असं माझं म्हणणं आहे : ज्याने नागरी हक्कांच्या यंत्रणेकडे तक्रार दाखल केली आहे, त्याची ६० दिवसांची मुदत तक्रारीचा निर्णय लागेपर्यंत थांबवावी. अर्ध्या पानाचा मसुदा केला आहे, प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्याला विरोध असेल तर तोही आता प्रश्नोत्तरांत ऐकायला आवडेल, विशेषतः माझ्यासारख्या नागरिकत्व मिळून गेलेल्यांकडून.